शिक्का एकाचा, डोळे सगळ्यांचे: युक्रेनच्या ‘प्रोझोरो’ खरेदी व्यवस्थेचं प्रकरण

सरकारी खरेदीत नागरी संस्थांना सोबत घेतलं की कारभार आपोआप सुधारतो, असं मानणाऱ्यांनी युक्रेनचं प्रकरण २०१४ पासून वाचायला सुरुवात करू नये. परिषदांमध्ये ते तिथूनच सांगतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये जनआंदोलनामुळे राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावं लागलं, तरुण स्वयंसेवक पुढे आले, त्यांनी सरकारी खरेदीसाठी ‘प्रोझोरो’ नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं, जगभरातून बक्षिसं आली. यात खोटं काही नाही. पण हा तिथला दुसरा प्रयोग होता. पहिला त्याआधी सात-आठ वर्षं होऊन गेला होता आणि पार फसला होता.

२००५ च्या सुमारास युक्रेनमध्ये ‘टेंडर चेंबर’ नावाची संस्था उभी राहिली. कागदोपत्री ती बिगरसरकारी संघटनांचा संघ होती. खरेदी कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि सरकारी निविदांवर देखरेख करण्याचे अधिकार कायद्यानेच या ‘जनतेच्या’ संस्थेकडे गेले. कोणत्या खरेदीला हिरवा कंदील मिळणार आणि कोणती अडकणार, यात तिचा शब्द चालू लागला. मग व्हायचं तेच झालं. ज्याच्या सहीवाचून फाईल हलत नाही, त्याच्या दारात रांग लागते. चेंबर म्हणजे नाक्यावरची वसुली झाली आहे, असे आरोप सर्व बाजूंनी झाले. शेवटी मार्च २००८ मध्ये संसदेने तो खरेदी कायदाच रद्द केला आणि त्याबरोबर चेंबरची सद्दी संपली. भ्रष्ट सरकारवर प्रामाणिक समाजाचा पहारा बसवायचा, ही मूळ कल्पना ऐकायला छानच होती. प्रत्यक्षात कुंपणानेच शेत खाल्लं.

पुढच्या प्रयोगाची आखणी करणाऱ्यांना हा इतिहास चांगला ठाऊक होता. त्यांनी काय केलं, यापेक्षा काय करायचं टाळलं, हे पाहिलं तर प्रकरण जास्त उलगडतं.

कागदी काळ

२०१० मध्ये नवा कायदा आला. निविदेची जाहिरात निघायची, पण कागदपत्रं मिळवायला संबंधित कार्यालयात खेटे घालावे लागत. बोलीची पाकिटं बंद खोलीत फुटायची. दूरच्या जिल्ह्यातल्या पुरवठादाराला ‘आज साहेब नाहीत’ हे उत्तर ठरलेलं. कायद्यातल्या अपवादांची यादी वाढत गेली आणि मोठमोठ्या खरेद्या निविदेशिवाय होऊ लागल्या. याच काळात ओलेक्सा शलायस्की आणि युरी निकोलोव या पत्रकारांनी ‘नाशी ह्रोशी’ म्हणजे ‘आपले पैसे’ हा उपक्रम सुरू केला. काम तसं रटाळच: सरकारी निविदांच्या जाहिराती आणि निकाल चाळायचे, किमती बाजारभावाशी ताडून पाहायच्या आणि ठेका मिळालेल्या कंपनीमागे कोण उभं आहे ते खणून काढायचं. पुढच्या सगळ्या नागरी देखरेखीची बाराखडी इथे गिरवली गेली. निकोलोव हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

पैसे कोणी घातले, मालकी कोणाकडे ठेवली

२०१४ च्या वसंतात खजिना जवळपास रिकामा होता आणि पूर्वेला युद्ध पेटलं होतं. शेअर बाजाराच्या व्यवहारांत मुरलेले ओलेक्सांद्र स्तारोदुब्त्सेव आणि त्यांच्या सोबतच्या स्वयंसेवकांनी खरेदी सुधारणेचा विषय हाती घेतला. जॉर्जियाने २०१० च्या अखेरीस सगळी सरकारी खरेदी ऑनलाइन आणली होती. तिथले जाणकार मदतीला आले. पण तिथली सरकारी मालकीच्या एकाच पोर्टलची रचना युक्रेनने जशीच्या तशी उचलली नाही. इथे मध्यभागी एकच सामायिक डेटाबेस ठेवला आणि बोली लावायची दारं खासगी ई-प्लॅटफॉर्मकडे सोपवली. पुरवठादाराने कोणत्याही दाराने आत यावं, निविदा त्याला सगळ्या दिसणार. प्लॅटफॉर्मनी एकमेकांशी स्पर्धा करायची ती सेवेवर, माहिती दडवून नव्हे.

सुरुवातीचं भांडवल ऐकून हसू येईल: सुमारे ३५,००० डॉलर. तेही या प्लॅटफॉर्म कंपन्यांनीच वर्गणी काढून जमवलं. त्यांनी समाजसेवा म्हणून खिशात हात घातला नव्हता. व्यवस्था रुळली तर बोली लावणाऱ्याकडून मिळणाऱ्या प्रवेश शुल्कात आपला वाटा असणार, हे त्यांना दिसत होतं. पुढे लागू झालेल्या दरपत्रकात हे शुल्क निविदेच्या आकारानुसार १७ ह्रिव्नियांपासून (ह्रिव्निया हे युक्रेनचं चलन) १,७०० ह्रिव्नियांपर्यंत होतं. सरकारला तिजोरीतून काही घालावं लागत नसल्याने नकाराचं कारण उरलं नाही. सरकार, खासगी कंपन्या आणि नागरी संस्था यांच्या या भागीदारीला पुढे ‘सोनेरी त्रिकोण’ असं भारदस्त नाव मिळालं, पण तिन्ही कोनांना आपापला स्वार्थ होता म्हणूनच तो त्रिकोण उभा राहिला. सद्भावनेवर चाललेल्या भागीदाऱ्या पहिल्या बदलीपर्यंत टिकतात.

खरा पेच होता मालकीचा. सॉफ्टवेअर सुरुवातीलाच मंत्रालयाकडे दिलं तर ज्यांची दुकानदारी बंद होणार तेच ते कपाटात कुलूपबंद करतील, ही भीती रास्त होती. एका प्लॅटफॉर्मकडे दिलं तर बाकीचे निघून जातील. तोडगा असा निघाला की पथदर्शी टप्प्यात ‘ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल युक्रेन’ या भ्रष्टाचारविरोधी संस्थेने व्यवस्था आपल्या नावावर सांभाळायची, देणगीदारांचा पैसाही तिच्यामार्फत यायचा, आणि कायद्याची चौकट तयार झाली की सगळं सरकारी कंपनीकडे सुपूर्द करायचं. आणि संस्थेने ते खरोखर सुपूर्द केलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय हाच आहे. टेंडर चेंबरला मिळालेला शिक्का तिने सोडला नव्हता. या संस्थेने ठेव सांभाळली, परत केली आणि स्वतःकडे फक्त पाहण्याचं काम ठेवलं.

त्याच सुमारास स्वयंसेवक सरकारच्या आत जाऊन बसले. गुंतवणूक क्षेत्रातून आलेले मॅक्स नेफ्योदोव २०१५ मध्ये अर्थविकास मंत्रालयात उपमंत्री झाले आणि स्तारोदुब्त्सेव खरेदी नियमनाच्या विभागाचे प्रमुख. आंदोलक कार्यालयात शिरला की काही महिन्यांत कार्यालय त्याच्यात शिरतं, असा सर्वसाधारण अनुभव आहे. इथे तसं लगेच झालं नाही. सॉफ्टवेअर तोवर बाहेर तयार होतं आणि त्यांना आत येऊन फक्त नियम त्याच्याशी जुळवून घ्यायचे होते, हे त्यामागचं एक कारण असावं.

लिलाव कसा चालतो

फेब्रुवारी २०१५ मध्ये पथदर्शी टप्पा सुरू झाला, तोही कायद्याच्या मर्यादेखालच्या छोट्या खरेद्यांवर, कारण तिथे नवा कायदा करावा लागत नव्हता. स्वतःहून सामील झालेल्या पहिल्या काही कार्यालयांत संरक्षण मंत्रालयही होतं. ही नोंदही पुढे उपयोगी पडेल.

पद्धत उलट्या लिलावाची. समजा एका कार्यालयाला छपाईचा कागद हवा आहे. ते अपेक्षित किंमत जाहीर करतं आणि इच्छुक आपापली पहिली बोली बंद ठेवून देतात. ठरल्या वेळी लिलाव उघडतो आणि तो कोणालाही घरबसल्या पाहता येतो. पडद्यावर बोलीदारांची नावं नसतात, नुसते आकडे. फेऱ्या तीन. प्रत्येक फेरीत सर्वात महाग बोली असलेल्याला पहिली पाळी मिळते. काही मिनिटांत त्याने दर उतरवायचा किंवा गप्प बसायचं. मग त्याच्याहून स्वस्त, आणि सर्वात शेवटी सर्वात स्वस्त. म्हणजे आघाडीवर असलेल्याला बाकीच्यांचे आकडे पाहून शेवटचा डाव टाकता येतो. तिसरी फेरी संपली की नावं उघडतात, कागदपत्रंही उघडतात, आणि कार्यालय सर्वात कमी दर देणाऱ्याची पात्रता तपासायला घेतं. तो अपात्र ठरला तर पुढचा. अपात्र का ठरवलं, याचं लेखी कारणही सगळ्यांसमोर.

नावं शेवटपर्यंत झाकलेली असल्यामुळे समोर कोण आहे ते कळत नाही, आणि ठेकेदारांची ‘रिंग’ जमवणं अवघड होतं. अशक्य मात्र होत नाही. पहिल्या दिवसापासून घोषवाक्य होतं ‘सगळ्यांना सगळं दिसतं’. ते पोकळ नव्हतं: सॉफ्टवेअरचा स्रोत खुला, माहिती खुल्या कंत्राट-नोंदीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आणि कोणालाही ती थेट संगणकाने उचलून घेण्याची सोय.

२५ डिसेंबर २०१५ ला संसदेने सार्वजनिक खरेदीचा नवा कायदा मंजूर केला. १ एप्रिल २०१६ पासून केंद्रीय कार्यालयं आणि १ ऑगस्ट २०१६ पासून सर्व सरकारी खरेदीदार प्रोझोरोवर आले. वस्तू आणि सेवांसाठी २ लाख ह्रिव्निया, बांधकामांसाठी १५ लाख, याच्या वर प्रोझोरो सक्तीचं. त्याच वर्षी दोन मोठे आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यावर बरंच लिहून झालं आहे.

दिसू लागलं, मग काय झालं

कोणत्याही खरेदी व्यवस्थेत मर्यादा ठरली की तिच्या जरा खाली गर्दी होते. इथेही २ लाखांच्या सक्तीखाली १,९९,९०० च्या आसपासच्या खरेद्या दिसू लागल्या. एकाच कार्यालयाने एकच काम तुकडे पाडून दिलेलं. पूर्वीही हे होतच असणार. आता मात्र खुल्या माहितीतून ते आलेखावर उंचवट्यासारखं उठून दिसत होतं.

दुसरी युक्ती जास्त चलाख. मर्यादेवरच्या निविदेत किमान दोन बोलीदार हवेत, असं कायदा सांगत होता. त्यामुळे ठरलेल्या ठेकेदाराबरोबर एक ‘तांत्रिक’ भिडू येऊ लागला. तो लिलावात बसतो, तिन्ही फेऱ्यांत दर हलवत नाही आणि घरी जातो. तिसरी युक्ती अटींमध्ये. यंत्राची मापं आणि वजन असं लिहायचं की बाजारातलं एकच मॉडेल बसावं. चौथी छाननीत: सर्वात स्वस्त बोलीदाराच्या कागदावर एक शिक्का राहिला, एक पान कमी पडलं, की अपात्र. दर लिलावाने उतरवला आणि छाननीने पुन्हा चढवला. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने यावर इलाज केला, विजेत्याला त्रुटी दुरुस्त करायला २४ तास मिळू लागले.

बचतीच्या आकड्यांबद्दलही सांगायला हवं. प्रोझोरोने इतके अब्ज वाचवले, असं वारंवार छापून येतं. ही बचत म्हणजे अपेक्षित किंमत वजा कराराची किंमत. आणि अपेक्षित किंमत ठरवतं कोण? खरेदी करणारं कार्यालयच. त्याने आकडा फुगवला की बचतही फुगते. ज्यांनी व्यवस्था उभारली त्यांच्यातल्या जाणत्यांनाही या आकड्याची मर्यादा कळत होती, पण मंत्र्यांना भाषणात एक आकडा लागतोच.

अशा वेळी तिसऱ्या कोनाचं, म्हणजे नागरी संस्थांचं, काम सुरू झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल युक्रेनने ‘डोझोरो’ हे देखरेखीचं व्यासपीठ उघडलं. कोणताही बोलीदार, नागरिक किंवा खुद्द अधिकारी एखाद्या निविदेबद्दल तिथे तक्रार नोंदवू शकतो. देशभरातल्या स्थानिक संस्थांचं जाळं त्या तक्रारींचा पाठपुरावा करतं. २०१८ पासून संशयास्पद निविदा वेगळ्या काढायला यंत्र-प्रशिक्षणाचाही (संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याचा) वापर झाला. मंत्रालयानेही या लोकांना आपले निरीक्षक न म्हणता बाहेरचेच राहू दिलं. ना ओळखपत्र, ना लेटरहेड.

पण शिक्का नसण्याची किंमत असते. डोझोरोच्या कार्यकर्त्याला एका शाळेच्या दुरुस्तीची निविदा संशयास्पद वाटली, असं धरा. खरेदीवरच्या तक्रारी ऐकणारं अधिकृत मंडळ आहे युक्रेनच्या मक्तेदारीविरोधी समितीत. तिथे तो जाऊ शकत नाही, कारण तिथे दाद मागता येते फक्त ज्याचा स्वतःचा हक्क डावलला गेला त्याला, म्हणजे मुख्यतः बोलीदाराला. बोलीदाराला शुल्कही भरावं लागतं: २०२० पासून अटींविरुद्धच्या तक्रारीला अपेक्षित किमतीच्या ०.३ टक्के, किमान २,००० आणि कमाल ८५,००० ह्रिव्निया, आणि निकालाविरुद्धच्या तक्रारीला त्याच्या दुप्पट टक्केवारी. तक्रार मान्य झाली तर पैसे परत मिळतात. पण उद्या त्याच कार्यालयाकडून काम घ्यायचं असलेला छोटा ठेकेदार दहा वेळा विचार करतो.

कार्यकर्त्यासमोर उरते राज्य लेखापरीक्षण सेवा. माध्यमं आणि नागरी संघटनांकडून आलेली माहिती ही एखाद्या खरेदीची तपासणी सुरू करायला कायदेशीर आधार आहे. ही एक ओळ कायद्यात घालून घेणं हे नागरी संस्थांच्या दृष्टीने मोठंच यश होतं. तपासणीला १५ कामकाजाचे दिवस. निष्कर्ष आला की कार्यालयाने ५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं किंवा १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात जायचं. पण तपासणी सुरू करायची की नाही, हे लेखापरीक्षण सेवाच ठरवते. आणि बरेचदा निष्कर्ष हाती येईपर्यंत करार झालेला असतो, काम निम्म्यावर असतं. मग ‘करार रद्द करा’ या शिफारशीचा अर्थ होतो अर्धवट उखडलेलं छप्पर. प्रोझोरोच्या पडद्यावर हा सगळा पत्रव्यवहारही दिसतो. सगळ्यांना सगळं दिसतं, यात उत्तर देण्याची अनिच्छाही आली.

तरी या रचनेवर मी एकदम टीका करणार नाही. नागरी संस्थेला थेट स्थगिती देण्याचा अधिकार द्या, ही मागणी पुन्हा पुन्हा होते. टेंडर चेंबरचा इतिहास समोर असताना ती कशी मान्य करायची? प्रश्न अधिकार वाढवण्याचा कमी आणि सरकारी बाजूवर उत्तराची सक्ती घालण्याचा जास्त आहे. तिकडे त्रिकोणाचा सरकारी कोन नेहमीच आखडता राहिला.

अंडं १७ ह्रिव्नियांना

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केलं. चारच दिवसांत मंत्रिमंडळाच्या ठराव क्रमांक १६९ ने निविदेशिवाय थेट करार करायची मुभा दिली. बॉम्ब पडत असताना तीन फेऱ्यांचा लिलाव भरवा, असं कोणी म्हणणार नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये ठराव क्रमांक ११७८ ने युद्धकाळापुरत्या बदललेल्या स्वरूपात खुल्या निविदा परत आणल्या. युद्ध चालू असताना हे करणं सोपं नव्हतं, आणि प्रोझोरो रोजच्या सवयीचं झालं होतं म्हणूनच ते जमलं. पण लष्करासाठीची खरेदी वेगळ्या दारामागे राहिली. तिच्या किमती गोपनीय.

२१ जानेवारी २०२३ ला ‘द्झेरकालो तिझ्न्या’ या प्रकाशनात निकोलोव यांची बातमी आली. संरक्षण मंत्रालयाचा सैनिकांच्या जेवणाचा करार त्यांच्या हाती लागला होता, १३ अब्ज ह्रिव्नियांहून मोठा. त्यात एका अंड्याचा दर १७ ह्रिव्निया. कीव्हच्या दुकानात तेव्हा अंडं सुमारे ७ ला मिळत होतं.

मंत्री ओलेक्सी रेझ्निकोव यांनी तांत्रिक चुकीचं स्पष्टीकरण दिलं. तीन दिवसांत पुरवठ्याची जबाबदारी असलेले उपमंत्री व्याचेस्लाव शापोवालोव यांनी पद सोडलं. सप्टेंबरमध्ये मंत्रीही बदलले.

या बातमीत प्रोझोरोचा काहीही वाटा नव्हता, हे विसरता कामा नये. करार तिथे नव्हताच. ज्या मंत्रालयाने २०१५ मध्ये स्वतःहून पथदर्शी टप्प्यात पाऊल टाकलं होतं, त्याचीच सर्वात मोठी खरेदी आठ वर्षांनी अंधारात होती, आणि ती बाहेर काढली जुन्या पद्धतीने, कागद मिळवून, भाव ताडून. प्रोझोरोने एक गोष्ट मात्र केली होती. सरकारी कराराची किंमत आपल्याला दिसली पाहिजे, ही लोकांची सवय झाली होती. अंड्यावर जो गदारोळ उठला, तो या सवयीमुळे.

खोलात गेल्यावर कळलं की घोळ एका दरापुरता नव्हता. लष्कराच्या जेवणाचा कॅटलॉग चारशेहून जास्त पदार्थांचा. ठेका ठरे दिवसाच्या शिध्याच्या एकत्रित दरावर, प्रत्येक पदार्थाच्या दरावर नव्हे. म्हणजे तुकड्या क्वचित मागवतात त्या पदार्थांचे दर मातीमोल लावायचे, रोज लागणाऱ्यांचे चढे लावायचे, की एकूण दर स्वस्त दिसतो आणि बिल महाग होतं. ही चूक कोणत्याही लिलावाच्या पडद्यावर दिसली नसती, कारण ती निविदेच्या रचनेतच होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदेने लष्करासाठीच्या बिगरशस्त्र वस्तूंच्या किमती प्रसिद्ध करणं बंधनकारक करणारा कायदा मंजूर केला. मंत्रालयात नागरी भ्रष्टाचारविरोधी परिषद आली, तिचे सदस्य ऑनलाइन मतदानाने निवडले गेले. त्यानंतर अन्न, कपडे, इंधन यांच्या खरेदीसाठी ‘राज्य पिछाडी पुरवठा संस्था’ वेगळी काढली गेली आणि २०२४ पासून तिने सैनिकांच्या जेवणाच्या निविदा प्रोझोरोवर काढायला सुरुवात केली. तिचे तेव्हाचे प्रमुख आर्सेन झुमादिलोव यांनी त्याआधी देशाची केंद्रीय औषध खरेदी चालवली होती.

शस्त्रांची खरेदी अजूनही बंद दारामागे आहे आणि युद्ध चालू असेपर्यंत राहील. पुनर्बांधणीच्या कामांसाठी ‘ड्रीम’ ही वेगळी व्यवस्था २०२३ मध्ये सुरू झाली. तीत प्रकल्पाच्या कल्पनेपासून शेवटच्या बिलापर्यंतची नोंद एकत्र दिसावी आणि प्रोझोरोची निविदा त्यातला एक टप्पा असावा, अशी आखणी आहे. नागरी संस्थांची ‘राइझ युक्रेन’ ही आघाडी तिच्या आखणीपासून सोबत आहे. पण पाहणाऱ्याने दाखवलेल्या गैरप्रकाराला उत्तर देणं भाग पडेल अशी तरतूद त्यात नाही. शाळेच्या दुरुस्तीच्या निविदेवर बोट ठेवणारा कार्यकर्ता आजही लेखापरीक्षण सेवेलाच पत्र लिहितो आणि १५ दिवसांचं घड्याळ सुरू होतं का, याची वाट पाहतो.